नवमीपर्यंत

"घर में कोई बदन पर कुछ लगाता है क्या? जेल, क्रीम, कोई हॉर्मोनवाली चीज?" डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं, आणि गणोजी मोहित्याच्या दोन्ही खांद्यांची कातडी एकदम जागी झाली. सकाळीच लावलं होतं. शर्टाच्या आत ते अजून गार लागत होतं, की नुसतं तसं वाटत होतं, कोण जाणे. समोरच्या स्टुलावर त्याची नात चिऊ बसली होती, साडेपाच वर्षांची, आणि टेबलाच्या पायाला टाचेनं लाथा मारत होती, ठक, ठक, ठक. शेजारी सून ऋतिका. उत्तर तिनंच दिलं. "नहीं मॅडम, कोई नहीं. बस आबा का मलम है, जडीबुटी का, तिरला के वैद्यजी का. कंधे दुखते हैं इनके." आता डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "उसमें क्या है, बाबूजी?" जन्मभर देवासच्या कारखान्याच्या गेटावर लोकांचे डबे उघडायला लावून चोऱ्या पकडलेला हा माणूस. समोरच्याच्या गळ्याची घाटी खालीवर झाली की डब्यात माल आहे हे तो न बघता सांगायचा. त्याची स्वतःची घाटी खालीवर झाली. "निर्गुंडी," तो म्हणाला. "तिल का तेल. कपूर." त्यातला कापूर तेवढा खरा होता. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि पुढे लिहीत राहिल्या, आणि ते जे एक दार उघडलं होतं ते इतक्या सहज बंद झालं की गणोजीला क्षणभर डॉक्टरीणबाईंचाच राग आला. अजून एकदा विचारायचं होतं. दटावून विचारायचं होतं. त्यानं तसंच विचारलं असतं.

मग त्या ऋतिकाला समजावून सांगायला लागल्या. पोरीच्या रक्तात पुरुषांचं हॉर्मोन वाढलंय. हाताच्या एक्स-रेत हाडं नऊ वर्षांच्या मुलीची दिसतायत. काखेतली लव, घामाला येणारा मोठ्या माणसाचा वास, कपाळावरच्या पुटकुळ्या, बसलेला आवाज, आणि ही मारामारी, हे सगळं त्याच्यामुळेच. बाहेरून काही जात नसेल तर आतूनच कुठूनतरी येतंय. मूत्रपिंडाच्या वर एक ग्रंथी असते, तिथं गाठ असू शकते. इंदूरला स्कॅन करायचा, पोरीला बेशुद्ध करून, कारण जागेपणी ती मशीनमध्ये स्वस्थ पडणार नाही. तारीख दसऱ्यानंतरची मिळाली. गाठ म्हटल्यावर ऋतिकाचा हात चिऊच्या दंडावर गेला आणि तिथंच राहिला. चिऊनं तो झटकला. ऋतिकानं परत ठेवला. चिऊनं वळून त्या हाताला कडकडून चावा घेतला, आणि ऋतिकानं हात काढून घेतला नाही, तिनं नुसते डोळे मिटले. गणोजी हे सगळं बघत उभा होता. एक शब्द टाकला असता तर त्या बाईचे डोळे उघडले असते. तो शब्द त्याच्या जिभेवर होता, आणि त्याच वेळी त्याच्या मनात आलं, नवमीला किती अवकाश आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला धारमध्ये, उटावद दरवाज्याकडे तात्यासाहेबांच्या अंगणात, त्याची तलवार कोहळ्यात अडकली होती. एवढंच झालं होतं. जगात माणसांवर काय काय प्रसंग येतात, आणि याच्यावर काय आला, तर कोहळ्यात तलवार अडकली. मोहित्यांकडे बोकडाच्या जागी कोहळा कधी आला ते कुणालाच ठाऊक नाही, पण नेम बोकडाचाच राहिला होता. घरातल्या कर्त्या पुरुषानं उघड्या अंगानं, एका घावात दोन फाका करायच्या. दुसरा घाव त्या हातानं घालायचा नाही. घालायची वेळ आलीच तर तो दुसऱ्याच्या हातानं, आणि मग पुढच्या वर्षीपासून तलवार त्या दुसऱ्याची. तात्यासाहेब हे गणोजीचे थोरले चुलतभाऊ, त्यांच्याकडून तलवार याच्याकडे आली तीही अशीच, आणि तेव्हा याला काही वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी पातं अर्ध्यात रुतून बसलं, पांढरा गर पात्यावरून ओघळला, आणि सगळे भाऊबंद, पोरंटोरं बघत होती, मोबाइल धरून उभ्या राहिलेल्या सुनांनी हात खाली घेतले. त्याचा मुलगा, चिऊचा बाप तरुण, पुढे आला. त्यानं बापाची बोटं मुठीवरून एकेक करून सोडवली, हळूच, लहान मुलाच्या हातातली काच काढून घेतात तशी, आणि म्हणाला, "राहू द्या आबा, मी बघून घेतो." कोहळ्यावर पाय ठेवून त्यानं पातं उपसलं आणि सटकन घाव घातला. तरुणनं ते हिसकावून घेतलं असतं तर चाललं असतं. त्या हळूवारपणानं गणोजीचा जीव घेतला. पुढच्या वर्षी सुतक पडलं, कोहळा कापलाच नाही, आणि तात्यासाहेब फोनवर म्हणाले, "गणोजी, त्या वर्षीचा कोहळा कच्चा होता, ते आम्ही धरत नाही. येत्या नवमीला परत तुम्हीच उभे राहा. नंतर मग बघू." दया होती ती. दयेवर मिळालेली तलवार हातात घ्यायची तर घाव बसायलाच हवा होता.

आधी तो सरळ मार्गानंच गेला. दुधातून अश्वगंधा, शिलाजीत, सफेद मुसळी, उपाशीपोटी मेथीचं पाणी, पहाटे टेकडीच्या पायऱ्या. त्याची बायको, जिला घरात आणि गल्लीत सगळे माईच म्हणत, ती म्हणाली, "स्वयंपाकघराचा दवाखाना करून सोडलात तुम्ही. या वयात काय घोड्यावर बसायचंय?" धारला गेला तेव्हा तो पलीकडच्या तिरल्याच्या वैद्याकडेही जाऊन आला. वैद्यानं नाडी धरली, निर्गुंडीच्या मलमाची एक डबी दिली आणि हसून सांगितलं, "उमर है भिया, बीमारी थोडी है." वैद्य स्वतः ऐंशीचा होता आणि त्याला ते चालत होतं. याला चालत नव्हतं. भोपाल चौराह्याजवळ वीरेंद्रची जिम होती. त्यानं गणोजीचा दंड चिमटीत धरून पाहिला, भाजी पारखावी तसा. "भिया, माल ही खतम है अंदर, तो घास खा के क्या होगा?" आणि त्यानं हॉर्मोनच्या जेलची नळी दिली. खांद्यांना चोळायची, बस. खोक्यातला कागद गणोजीनं वाचलाही नाही, बोळा करून गटारात टाकला. नळी घरात ठेवायची सोय नव्हती. पुरुषपण दुकानातून विकत आणलंय हे माईला कळलं असतं तर तिनं तोंडानं काही म्हटलं नसतं, नुसतं पाहिलं असतं, आणि ते पाहणं त्याला सोसलं नसतं. म्हणून त्यानं वैद्याच्या डबीतलं मलम खरवडून फेकलं, नळी तिच्यात पिळली, स्पिरिटचा वास मारायला कापूर कुटून घातला. झालं जडीबुटीचं मलम. आणि आबाची पाठ ही तर जन्मापासून चिऊची नोकरीच होती. रोज सकाळी तो चटईवर पालथा पडायचा, ती अनवाणी पायांनी त्याची पाठ तुडवायची, मग खांद्यांवर बसून दोन्ही तळव्यांनी ते गार गार मलम चोळायची, "माझा घोडा, माझा घोडा" म्हणत, आणि तसेच हात फ्रॉकला पुसून पोळी खायला पळायची.

आणि गुण आला. खोटं कशाला बोला, आला. महिन्या-दोन महिन्यांत दंड भरले, झोप दगडासारखी लागायला लागली, जिना चढताना छातीत जो भाता चालायचा तो बंद झाला. आणि राग आला. राग त्याला पूर्वीही यायचा, पण तो डोक्यात यायचा आणि तोंडावाटे जायचा. हा हातात यायचा. सयाजी गेटपाशी एका पोरानं स्कूटर घासून नेली, तर गणोजीनं त्याला गाठून गचांडी धरून स्कूटरवरून खाली ओढलं आणि रस्त्यावर पडल्यावर बुटानं मारलं. पोर हात जोडत होतं. लोकांनी सोडवलं. घरी येईपर्यंत तो शीळ घालत होता. एकदा आमटी अळणी झाली म्हणून ताट भिरकावलं, ते माईच्या भुवईवर बसलं. रक्त डोळ्यात उतरलं, आणि माई शेजारच्या बायकांना सांगत राहिली की कपाटाचं दार लागलं. त्याला लाज वाटली हे खरं. पण लाजेच्या आधी हाताला बरं वाटलं होतं, हे जास्त खरं. आणि त्याच दिवसांत चिऊही बदलली. तिनं शाळेत अंशुल नावाच्या मुलाच्या तोंडावर स्टीलची बाटली हाणली, त्याचे पुढचे दोन दात पडले. शाळेतून बोलावणं आलं तेव्हा ऋतिका रडत गेली, आणि गणोजीनं पोरीला मांडीवर घेऊन पेढा भरवला. "मोहित्यांचं रक्त आहे," तो म्हणाला. "तीन पिढ्या हजेऱ्या लावून लावून गोठलं होतं. हिच्यात उतरलं." तिच्या बसक्या आवाजाचंही त्याला कौतुक वाटलं. आता क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना त्याला ते वाक्य आठवलं. कसलं रक्त अन् कसलं काय. सकाळ-सकाळी आपणच आपल्या हातानं डबी उघडून तिच्यापुढे धरत होतो.

सांगायचं तर होतंच. याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती, आणि म्हणूनच तो निवांतपणे सांगणं पुढे ढकलू शकत होता. स्कॅन दसऱ्यानंतर आहे. नवमी त्याच्या आधी आहे. नवमी होऊ दे. कोहळा कापायचा, आणि धारहून परतताना गाडीतच सांगून टाकायचं. म्हणजे पोरीला सुई टोचायच्या आत सगळं मिटतंय. तोवर तिला हात लावू द्यायचा नाही, बस. हिशोब चोख होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चिऊ चटई घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "आता नको बाळा, खांदा बरा झाला." आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून त्यानं डबी उघडली. बाहेरून ती दारावर मुठी मारायला लागली. "आबा, माझं काम आहे ते! आबा!" मग लाथा. मग डोकं. लाकडावर डोकं आपटल्याचा आवाज मुठीच्या आवाजापेक्षा वेगळा येतो, आणि तो ऐकत गणोजी खांद्याला मलम चोळत राहिला, आणि आरशातल्या आपल्या दंडाकडे बघत राहिला, आणि त्याला वाटलं की हा माणूस रस्त्यात भेटला तर आपण त्याला बुटानं मारू. तरी त्यानं चोळणं थांबवलं नाही. घरात त्या दिवसांत ऋतिकानं अन्न सोडलं होतं, टेकडीवर देवीला अनवाणी जात होती. माई देवापाशी बसली की तासन्‌तास उठत नव्हती. तरुण मोबाइलवर गाठींबद्दल वाचायचा आणि मधेच फोन पालथा ठेवायचा. सगळं घर एका गाठीभोवती बसलं होतं, जी नव्हती, आणि ती नाही हे एकट्या गणोजीला ठाऊक होतं. चिऊ रात्रंदिवस त्याच्या मागे लागे आणि तो खोलीतून खोलीत पळे. "आबांना पण सहन होत नाहीये," ऋतिका माईला म्हणाली. "बघा ना, तिच्याजवळ जायची हिंमतच नाही करून राहिले." हे त्यानं ऐकलं, आणि आत जाऊन उशीवर ठोसे मारले.

नवमीला पहाटेच धारला निघाले. इंदूर ओलांडल्यावर तरुणनं पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, बायका-पोर मागे झोपल्या होत्या. दोघं बाहेर उभे राहिले. तरुण म्हणाला, "आबा, एक बोलू? डॉक्टरनी तसं बोललं नाही अजून, पण मी पढलं. गाठ खराब पण निकळू शकते." आणि एवढा चाळिशीचा बाप्या हवेच्या मशीनशी उभा राहून तोंडावर रुमाल दाबून रडायला लागला. "माझी एवढीशी पोर आहे हो, आबा." गणोजीनं हात उचलला. मुलाच्या पाठीवर ठेवायला उचलला की त्याच्या तोंडावर मारायला, हे त्याचं त्यालाच उमगलं नाही. रडू नकोस, गप्प बस, काही नाही झालेलं तिला, असं ओरडावंसं वाटलं. सांगायची जागा ती होती. पंपावरचा पोरगा नळी हातात धरून पैशांसाठी थांबला होता, वारा छान होता, आणि धार तासाभरावर होतं. "आज नवमी आहे," गणोजी म्हणाला. "आज रडायचं नाही. चल, चहा घेऊ." तरुणनं डोळे पुसले आणि मान हलवली, बापाला मानतो तशी. त्या मान हलवण्याचा गणोजीला इतका संताप आला की चहाचा कागदी पेला त्याच्या हातात चुरगळला आणि बोटं भाजली.

तात्यासाहेबांच्या अंगणात सगळं मांडून ठेवलं होतं. चौरंगावर शस्त्रं, झेंडूची फुलं, पाटावर कोहळा, हळदीकुंकवानं माखलेला. मोठा होता, चांगला पिकलेला, वरून राख फासल्यासारखा. तात्यासाहेब खुर्चीत बसून होते. "या गणोजी," ते म्हणाले. "अंगावरचं काढा." गणोजी आत गेला. तिथल्या न्हाणीत त्यानं पिशवीतून डबी काढली. गरज नव्हती. एका वेळेच्या चोळण्यानं काही दंड फुगत नाहीत, हे त्यालाही कळत होतं. पण आजच चुकवायचं म्हणजे ऐन परीक्षेला देवाला न विचारता जाण्यासारखं वाटलं. त्यानं दोन्ही खांद्यांना, दंडांना, मानेला खच्चून लावलं, आणि ओल्या अंगानंच, धोतर खोचून बाहेर आला. ऊन खांद्यांवर पडलं. सगळे बघत होते. "आबा तर एकदम जवान दिसून राहिले," कोणीतरी म्हणालं, आणि त्याला आतून गुदगुल्या झाल्या, अशा वेळीही झाल्या. त्यानं मूठ धरली. तलवार हलकी लागली. कोहळा डोळ्यांसमोर आला, आणि कोहळ्याच्या जागी वैद्याचं हसू आलं, वीरेंद्रची चिमूट आली, माईची भुवई आली, तरुणची ती हळूवार बोटं आली, आणि त्यानं त्या सगळ्यांवर एकच घाव घातला. पातं कोहळ्यातून गेलं, खालच्या पाटाच्या फळीत बोटभर रुतलं. दोन फाका दोन बाजूंना पडल्या आणि डोलत राहिल्या. अंगण ओरडलं. तात्यासाहेब टाळ्या वाजवत होते. असा आनंद गणोजीला लग्नात झाला नव्हता की मुलगा झाला तेव्हा झाला नव्हता. तो तोंड वर करून ओरडला, बोकडाच्या मानेवरून पातं गेल्यावर ओरडत असतील तसा, शब्द नसलेलं काहीतरी.

आणि त्या आनंदातच मागून चिऊ धावत आली. एवढे दिवस त्यानं लांब ठेवलेली पोर दोन्ही हात पसरून "माझा घोडा!" म्हणत ओट्यावरून उडी मारून त्याच्या उघड्या पाठीवर पडली. तिचे तळवे त्याच्या ओल्या खांद्यांवर चपकन बसले, गाल मानेला चिकटला, ओठ लागले. गणोजीला विंचू डसावा तसं झालं. त्यानं कोपर मागे हाणलं, सगळ्या ताकदीनं, त्या विकत घेतलेल्या सगळ्या ताकदीनं. पोर उडाली. तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं आणि ती खाली बसली. क्षणभर काहीच नाही, मग कपाळावरून रक्ताची धार नाकापर्यंत आली. "आबा!" तरुण ओरडला आणि धावत येऊन त्यानं बापाचा दंड धरला. गणोजीचा हात आपोआप वर गेला आणि मुलाच्या गळ्यावर बसला. त्यानं तरुणला भिंतीपर्यंत रेटत नेलं. एका हातानं. सोपं होतं. बोटांखाली घाटी खालीवर होत होती, डोळे बाहेर आले होते, आणि आणखी थोडं दाबलं तर हे कायमचं थांबेल, एवढंच गणोजीला कळत होतं. मागून माईची किंकाळी आली. मग खालून एक आवाज आला, जाड, घोगरा, गुरगुरणारा. चिऊ होती. रक्तानं तोंड माखलेलं, ती आपल्या बापाच्या पोटरीला दातांनी धरून झोंबत होती, मान हलवून हलवून लचका तोडायला बघत होती. आबाला वाचवत होती. गणोजीनं ते दात पाहिले, वर ओठांवरची कोवळी लव पाहिली, आणि त्याच्या बोटांतून जोर निघून गेला.

तरुण खोकत खाली बसला. चिऊनं त्याला सोडलं, हाताच्या पाठीनं तोंड पुसलं आणि आबासमोर येऊन दोन्ही हात वर केले. "घे ना." गणोजीनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. "सूनबाई," तो म्हणाला, "तिला धू आधी. साबणानं धू." ऋतिका पदर घेऊन धावतच आली होती, ती कपाळावरची जखम दाबायला लागली. "जखम नाही, हात धू. तोंड धू. जिथं जिथं माझं अंग लागलंय तिथं. ते वैद्याचं मलम नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं ना, ते आहे ते. मला तिथंच माहीत होतं." त्याला पुढे बोलवेना, पण बोलणं भाग होतं. "गाठबीठ काही नाही तिला." तात्यासाहेब "काय म्हणतात? काय म्हणतात?" करत सगळ्यांना विचारत होते. ऋतिका उठली. तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, स्वच्छ, लख्ख, हसूच येतंय की काय असं वाटण्याइतकी. मग तिला ते सगळे दिवस दिसले असावेत. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यापुढे मान वर न केलेली ती बाई, तिनं भरल्या अंगणात, सगळ्या भाऊबंदांदेखत, गणोजीच्या थोबाडीत मारली. मग परत मारली. तो हलला नाही. तिनं तिसऱ्यांदा उचललेला हात हवेत थांबवला, त्याच्या मानेवरचं ओलसर काहीतरी बोटांना लागलं होतं ते पाहिलं, आणि तो हात अंगापासून लांब धरून, दुसऱ्या हातानं रडणाऱ्या पोरीला ओढत ती नळाकडे गेली.